जाळं खुंटीलाच हाय

सकाळपासून दामू मुलाच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होता. वाडीवरची शेळी व्याली. वरून पाणी सोडलं म्हणून कुंडलिका नदी काठाला लागली आहे. पोपटकाकाने नवी छत्री घेतली आणि पहिल्याच दिवशी एसटीत विसरला. बोलण्यासारखं संपलं की तो पुन्हा शेळीपासून सुरू करायचा. मध्येच थांबायचा, भरतला काही विचारायचं असेल तर त्याला वेळ मिळावा म्हणून.

भरत काही विचारत नव्हता. पेणच्या एका खाजगी दवाखान्याच्या आतल्या खोलीत तो उताणा पडला होता. तोंडात नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला श्वास देणारं मशीन. मशीन हवा ढकलायचं तशी छाती वर यायची, मशीन थांबायचं तशी खाली बसायची. अंग गरम होतं. डोक्याची पट्टी सोडली तर अंगावर कुठे खरचटलेलंही नव्हतं. उशाला एका छोट्या पडद्यावर हिरवी रेघ धावत होती आणि तिच्या शेजारी नाडीचा आकडा दिसत होता.

डॉ. टिपणीस, ज्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, त्यांनी आदल्या दिवशी दामूला आणि त्याची बायको जानीला समोर बसवून सांगितलं होतं की भरतचा मेंदू मेला आहे. मशीन हवा देतं म्हणून छाती हलते, हवा मिळते म्हणून हृदय चालतं. पण भरत आता नाही. उद्या पनवेलचे मेंदूचे डॉक्टर येऊन पुन्हा एकदा तपासतील.

दामूने सगळं ऐकून घेतलं होतं. मग म्हणाला होता, "असाच मी पन व्हतो, बाय."

भरत हमरापूरला हिरामणशेटच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला होता. वाडीवरची बाकीची पोरं वीटभट्टीवर गेली. हा माती मळायला म्हणून गेला आणि आखणीवर जाऊन बसला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग मारायला कोणालाही बसवतात, डोळे सगळ्यांच्या हाती देत नाहीत. गणपती आठवड्यावर आले होते. रोह्याच्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती घेऊन टेम्पो निघाला, तेव्हा रोह्याजवळच्या वाडीवर आईला भेटून येतो म्हणून भरत मागे मूर्तींबरोबर बसला. वडखळच्या पुढे टेम्पो खड्ड्यात आदळला, एक मूर्ती कलली, ती सावरायला तो उभा राहिला आणि पुढच्या खड्ड्याला बाहेर फेकला गेला. मूर्ती शाबूत राहिली. त्याला पेणला आणलं, पनवेलला नेऊन डोक्याचा स्कॅन काढला. आत रक्त साकळलेलं, मेंदू सुजून दबलेला. आता डोकं उघडून उपयोग नाही असं तिथे सांगितलं, आणि खाटही रिकामी नव्हती. तेव्हा हाताने श्वासाचा रबरी फुगा दाबत दाबत पुन्हा पेणला आणून मशीनला जोडलं.

फुगा हा शब्द दामूच्या घरात सहा-सात वर्षं रोजच्या बोलण्यातला होता. लोळत पडणाऱ्याला जानी सहज म्हणायची, "तुला कोन फुगा दाबनार हाय रे?"

त्याचं कारण मण्यार साप. एका पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला दामू पहाटे उठला तो पोटात कळा घेऊन. चावल्याची खूण कुठे दिसली नाही. उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या, मग थुंकी गिळेना, मग जीभ जड झाली. रोह्याच्या सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर श्वास बंद पडला. तिथल्या तरुण डॉक्टरने घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा लावला, विषावरचं इंजेक्शन दिलं आणि नातेवाइकांना म्हणाला, आळीपाळीने दाबत राहा, थांबलात तर गेला. दामूचा धाकटा भाऊ पोपट होता, जानी होती, आणि ओठावर लव न आलेला भरत होता.

डॉक्टरने डोळ्यांत टॉर्च मारली, बाहुली हलली नाही. चिमटा काढला, बोट हललं नाही. म्हातारी सीताबाई, दामूची चुलती, दारातच बसून रडायला लागली. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "मढ्याला कशाला वारा घालताय? न्या घरी."

हे सगळं दामूने ऐकलं. एकूण एक शब्द. पापण्या उचलत नव्हत्या, टॉर्च आली की तेवढं लाल दिसायचं. ओरडावंसं वाटत होतं आणि ओठाचा कोपराही हलत नव्हता. श्वास घ्यायचा होता, छाती दगडासारखी पडून होती. फुगा दाबणाऱ्याचा हात जरा मागे पडला की आत आगडोंब उसळायचा. आपल्याला जिवंत पुरणार, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात भरतने कानाशी तोंड आणलं. "बाबा, ऐकतोस ना? तुझं जाळं मी इकलं."

नदीत फेकायचं ते गोल जाळं दामूने स्वतः विणलेलं होतं, एक अख्खा पावसाळा बसून. शिशाच्या गोळ्या स्वतः ओतल्या होत्या. त्याला पोपटनेही हात लावलेला चालत नसे.

"इकलं," भरत म्हणाला. "खालच्या आळीतल्या गोविंदाला. त्याने लगेच फाडलं पन."

मनगट धरून बसलेला पोपट ओरडला, "डाक्टर! याची नाडी बघा! धावली!"

डॉक्टरने मनगट धरलं, भरतला पुन्हा तेच बोलायला लावलं आणि मोठ्याने हसला. म्हणाला, "आत माणूस जागा आहे. रागावलाय. दाबा फुगा."

तेव्हा भरतने पुन्हा कान गाठला होता. "नाय रे बाबा. जाळं खुंटीलाच हाय. तू ये, मग आपून जाऊ नदीवर."

दुसऱ्या दिवशी दामूच्या पापण्या उचलल्या, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा श्वास घेतला. बोलता आल्यावर पहिलं काय बोलला हे पोपट लग्नाकार्यात नक्कल करून सांगायचा: "गोविंदाने किती फाडलं?" वर आणखी म्हणायचा, "दादा, तू गेला असतास तर जाळं माझंच व्हतं. या पोराने माझं नुसकान केलं."

म्हणून दामू बोलत होता. आत पडलेल्या माणसाला काय हवं असतं हे या पेणच्या दवाखान्यात फक्त त्यालाच ठाऊक होतं. जानीचाही त्यावर विश्वास होता. तिच्या डोळ्यांदेखत दवाखान्याच्या बाकावरून एक मेलेला माणूस उठून घरी आला होता आणि त्यानंतर तिने त्याच्याशी शंभर वेळा भांडणही केलं होतं.

दुपारी ती भरतच्या पायांना तेल चोळत होती. एकदम किंचाळली, "हलला! अवो, अंगठा हलला!"

दामू उठला. पोपट बाहेरच्या बाकावरून धावत आला. तिघांनी बघितलं. जानीने तळव्याला बोट लावलं की अंगठा आखडत होता आणि पुन्हा सैल पडत होता. पोपट परिचारिकेला म्हणाला, "सांगितलं ना आम्ही? आमच्या घरात हे असंच असतं. उशिरा उठतात."

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तळव्याला टोकदार पेन्सिल लावून अंगठा पाहिला, मग भुवईच्या हाडावर जोरात दाबून चेहरा पाहिला. चेहरा तसाच होता.

"जानीबाई, हे पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत जातं आणि तिथूनच परत येतं," त्या म्हणाल्या. "डोक्यापर्यंत जात नाही. तापल्या तव्यावरून हात आपण विचार न करता मागे घेतो ना, तसं. पाठीचा कणा अजून आहे. वरचं नाही."

"मेलेला मानूस अंगठा हलवतो?" जानी म्हणाली. "असं कवा ऐकलंय?"

"मशीनवर असेल तर हलवतो. मी पाहिलंय."

जानीने तेलाची वाटी खाली ठेवली आणि पुन्हा तळव्याला बोट लावून पाहिलं. अंगठा आखडला. ती मग ते करतच राहिली.

पनवेलचे डॉक्टर आले तेव्हा दामू म्हणाला, "मी हितंच उभा ऱ्हानार." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, बाईंनी होकाराची मान हलवली. दामूने सगळं पाहिलं. टॉर्च बाहुल्यांवर आली, बाहुल्या मोठ्याच राहिल्या. बुबुळाला कापसाची वात लावली, पापणी मिटली नाही. कानात बर्फाचं पाणी सोडलं, डोळे हलले नाहीत. घशात बारीक नळी घालून खालपर्यंत नेली, ठसका नाही. शेवटी मशीन बाजूला केलं, नळीतून नुसता प्राणवायू सोडत ठेवला आणि भरतची छाती उघडी करून सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले. ती छाती दामूला पाठ होती. भर पुरात नदी पोहून आल्यावर ती कशी भात्यासारखी चालायची, तेही त्याने पाहिलेलं होतं.

छाती उचलली नाही. बराच वेळ थांबून त्यांनी मशीन पुन्हा जोडलं.

पनवेलचे डॉक्टर खांद्याला हात लावून गेले. डॉक्टरीणबाई थांबल्या. दामू त्यांच्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे बोलत होता.

"बाय, तुमी खोटं नाय बोलत. पन माझी पन छाती उचलत नव्हती. मला घ्यायचा व्हता श्वास, मरनाचा घ्यायचा व्हता. माझी पन बाहुली हलली नाय. तवा कोनी मशीन असतं आन् त्याने असं बाजूला केलं असतं, तर त्याला पन माझी छाती अशीच दिसली असती का नाय?"

"अशीच दिसली असती."

"मग?"

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "मण्यारीचं विष मेंदूला हात लावत नाही, दामूभाऊ. मेंदूने स्नायूला निरोप धाडायचा आणि स्नायूने हलायचं, त्यातली वाट विष अडवतं. तुमचा मेंदू निरोप धाडत होता, वाट बंद होती. इंजेक्शनाने आणि वेळेने वाट मोकळी झाली. म्हणूनच या तपासण्या करण्याआधी आम्हाला पहिलं हे बघावं लागतं की अंगात विष नाही, झोपेचं औषध नाही, अंग गार पडलेलं नाही. ते न बघता कोणी तुमच्यावर या तपासण्या केल्या असत्या तर ती चूक झाली असती. फार मोठी."

"आन् भरतचं?"

"त्याची वाट मोकळी आहे. अंगठा हलला तो त्याच वाटेने. निरोप धाडणारा राहिला नाही. सूज इतकी चढली की मेंदूला रक्तच पोचेना. त्याला एक दिवस होऊन गेला."

"कोमात गेलेली मानसं वर्साने उठतात म्हनत्यात."

"उठतात काही. कोमात मेंदू आजारी असतो, पण असतो. भरत कोमात नाही."

दामूने मुलाच्या तोंडातल्या नळीकडे पाहिलं. "नीट तपासून मेंदू मेला म्हनलं, आन् तरी उठला, असा एक तरी झाला का?"

"एकही नाही."

"ठेवलं मशीन असंच, तर?"

"आज-उद्यात हृदय आपणच थांबेल. मी तुम्हाला घाई करणार नाही. तुम्ही दोघं म्हणाल तेव्हा."

त्या गेल्यावरही दामू तिथेच उभा राहिला. बाईंचं बोलणं त्याला कळलं होतं, शब्द न् शब्द. पण रोह्याच्या दवाखान्यातला तो अंधार, टॉर्चचा तो लाल उजेड आणि बाहेरून आलेला 'न्या घरी' हा आवाज त्याने ऐकला होता, बाईंनी नाही. भरत आत असेल आणि आपणच 'काढा' म्हणालो, तर ते तो ऐकेल. शेवटचं ऐकेल ते बापाचं तेच.

संध्याकाळी हिरामणशेट आला. हातात शहाळी होती, ती कोणासाठी हे त्यालाच कळेना, म्हणून त्याने ती पोपटकडे दिली. तो खाटेजवळ फार वेळ थांबू शकला नाही. बाहेर बाकावर दामूशेजारी बसून पंचाच्या टोकाने मान पुसत म्हणाला, "मोठी मूर्ती तशीच हाय, दामू. भरतने सगळी केली, फक्त डोळे ठेवले. गिऱ्हाईक रोज येऊन बसतं. दुसरा आखणारा हाय माझ्याकडे, पण मी त्याला सांगितलं, हात लावू नको. फडकं टाकून ठेवलीय."

"मागच्या साली लई भांडला व्हता तुमच्याशी," दामू म्हणाला.

"भांडला? दोन दिवस जेवला नाय! त्याच्या मूर्तीचा एक डोळा फक्त दुसऱ्याने पुरा केला म्हणून. मला म्हणतो, शेट, एका तोंडात दोन माणसांची नजर घातलीत. मी म्हटलं, अरे देवाला चालतं, तुला काय झालं? तर म्हणतो, देवाला मी विचारून आलो, नाय चालत." हिरामणशेट हसला आणि हसता हसता त्याने पंचा तोंडावर धरला.

दामू एकदम उठला. आत जाता जाता पोपटला म्हणाला, "ये. तिथं उभा ऱ्हा. त्या आकड्याकडे बघ, दुसरीकडे बघू नको."

पोपट उशाजवळ उभा राहिला. काय चाललंय ते त्याला लगेच कळलं, कारण त्या वेळी दामूचं मनगट त्यानेच धरलेलं होतं. त्याने छातीवर हात बांधले आणि आकड्यावर नजर लावली. जानी पायाशी होती.

दामू वाकला. "भरत. ऐकतोस ना? तुझ्या मोठ्या गनपतीचे डोळे हिरामणशेटने आखून घेतले. दुसऱ्याकडून."

मशीनने हवा ढकलली. छाती वर आली, खाली बसली.

"किती झाला?" दामूने मान न उचलता विचारलं.

"तोच हाय," पोपट म्हणाला.

"वाकडे आखलेत, भरत. उजवा डोळा खाली उतरलाय. लोकं हसतात. म्हनतात, हे भरतचं काम."

"तोच हाय, दादा."

"आन् मी त्याला व्हय म्हनालो. शेटने विचारलं, तर मी म्हनालो, आखा, पोराचं काय मनावर घ्यायचं."

दामूने मान उचलली. हिरवी रेघ धावत होती, उंच, सखल, उंच, सखल. घड्याळ चालावं तशी, ना पुढे ना मागे. दामूने ती किती वेळ पाहिली हे त्याला सांगता आलं नसतं. एवढं मोठं खोटं भरतच्या कानात गेलं होतं आणि ते कोणालाच पोचलं नव्हतं. दामूला स्वतःचा तो राग आठवला, जाळ्याचं ऐकून आत चढलेला, बोट हलत नसताना हृदयाला लाथ मारणारा. इथे आत कोणी रागावलं नाही. रागवायला कोणी नव्हतं.

तो स्टुलावर बसला. शेळीबद्दल बोलला नाही, नदीबद्दल बोलला नाही. खोलीत नुसता मशीनचा आवाज राहिला. त्या आवाजावरूनच जानीला कळलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच दामू गप्प बसला होता.

"तवा तू ऐकत व्हतास ना?" तिने विचारलं.

"व्हय."

"समदं?"

"समदं."

"आन् हा?"

दामूने तिच्याकडे पाहिलं. "नाय गो, जानी. हा नाय ऐकत."

जानीने तेल लावलेला तळवा दोन्ही हातांत धरला. पुन्हा बोट लावून पाहावं असं तिच्या मनात आलं असावं, कारण हात तिथवर गेला. मग तिने बोट आवरलं, चादर ओढली आणि पाऊल नीट झाकलं. बाहेर जाऊन तिने हिरामणशेटला सांगितलं, "शेट, त्याचा गनपती दुसऱ्याकडून नका आखू. तसाच ठेवा."

"तसाच ठेवतो, बाय," हिरामणशेट म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी सांगतो काय ते."

पोपटने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या आणि मशीनच्या बाजूला उभ्या राहिल्या. जानी परत आली आणि तिने भरतच्या कपाळावर हात ठेवला. "सांगा," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या.

"थांबा, बाय," दामू म्हणाला. "एक ऱ्हायलं."

त्याने वाकून पुन्हा कानाशी तोंड नेलं. तो कान गरम होता. ऐकणारं कोणी नाही हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी हे खोटं असं ठेवून जाता येत नव्हतं. भरतने तेव्हा त्याला तसं ठेवलं नव्हतं.

"नाय रे भरत," तो म्हणाला. "खोटं बोललो. तुझ्या गनपतीला कोनी हात नाय लावला. फडक्याखाली हाय, तू ठेवलास तसाच."

पोपटने सवयीने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. मग त्याने मान फिरवली.

दामू सरळ झाला. "काढा," तो म्हणाला.